अजाण मालकाचा दोष

आपल्या मालकीच्या वस्तूने आपल्या नकळत परक्याचे नुकसान केले, तर त्याचा दोष आपल्या माथी येतो काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न २०१६ साली नव्या रूपात पुढे आला. त्या वर्षी ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्राम घरोघरच्या कॅमेऱ्यांच्या आणि राउटरांच्या २३ क्रमांकाच्या, म्हणजे दुरून आज्ञा देण्याची सोय असलेल्या टेलनेटच्या, पोर्टवर धडका देत सुटला. कारखान्यातून आलेले आणि मालकाने कधीही न बदललेले पासवर्ड तो एकामागून एक लावून पाही, आणि आत शिरताच, दुसऱ्या कोणाचा शिरकाव होऊ नये म्हणून, ते पोर्ट स्वतःच बंद करी. अशा बळकावलेल्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या सेवेवर मागण्यांचा इतका भडिमार केला की अमेरिकेतील असंख्य लोकांना ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास दुर्लभ झाली. ज्यांच्या भिंतींवर ते कॅमेरे टांगलेले होते, त्यांनी काही केले नव्हते आणि कोणाकडून काही करविलेही नव्हते.

गीतेच्या पाचव्या अध्यायातही नऊ द्वारांच्या नगरात सुखाने वसणारा देही काही करीत नाही आणि करवीतही नाही असे सांगितले आहे. तेव्हा वरवर पाहणाऱ्यास हा कॅमेऱ्याचा मालकही त्याच निर्लेप कोटीतला वाटेल. परंतु तेथील देही जितेंद्रिय आहे आणि त्याने कर्माचा त्याग मनाने केलेला आहे, म्हणजे शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे विवेकबुद्धीने केलेला आहे, ही अट आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्याला आपल्या नगराची द्वारेच ठाऊक नाहीत, त्याच्या अकर्तेपणाला मी तरी गैरहजेरीच म्हणेन.

आणि यंत्राची ही द्वारे, म्हणजे त्याची पोर्ट, जाणणे काही दुष्कर नाही. पोर्टचे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असले, तरी नुसता क्रमांक म्हणजे द्वार नव्हे. त्या क्रमांकावर एखादा प्रोग्राम कान देऊन बसला, तरच तेथे द्वार निर्माण होते. संगणकावर ‘नेटस्टॅट’ची आज्ञा योग्य पर्याय जोडून दिली की अशा प्रोग्रामांची यादी समोर येते, आणि तीत पत्त्याचा रकाना बारकाईने वाचावा लागतो. तेथे १२७.०.०.१ असेल, तर तो प्रोग्राम त्याच यंत्रातल्या प्रोग्रामांशी बोलतो, ०.०.०.० असेल, तर यंत्राच्या प्रत्येक पत्त्यावर येणाऱ्याला तो उत्तर देण्यास सिद्ध आहे, आणि फायरवॉलने मज्जाव केला नाही तर अवघ्या जगालाही. प्रत्येक ओळीपाशी हा कोणाच्या हुकमाने बसला आहे असे विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास त्याची चौकशी करून गरज नसलेल्याला रजा द्यावी. सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली लिहून ठेवले की मुळात सर्वांना मनाई असावी आणि परवानगी तेवढी कारण पाहून द्यावी. फायरवॉलचा सारा बंदोबस्त याच तत्त्वावर उभारावा.

पासवर्ड सर्वांना एकच देऊन आणि टेलनेट उघडे ठेवून माल विकणारा कारखानदार अधिक दोषी आहे, यात मला शंका नाही. तथापि अज्ञान दूर करण्याचे साधन हाताशी असताना जो अज्ञानातच राहतो, त्याला आपल्या परंपरेने निर्दोष ठरविलेले नाही, आणि येथे तर त्याच्या अज्ञानाची झळ परक्याला लागते. वाचकाने आपल्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, टेलनेट चालू असल्यास ते बंद करावे, आणि हे काम उद्यावर टाकू नये.