अर्धी साक्ष

आपले दुःख सांगावे, ही मनुष्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. परंतु त्या दुःखाची नोंद ठेवताना शेजाऱ्याचे दुःख गाळण्याचा अधिकार त्यास आहे काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ मांडीत आहोत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. निजामाचे हैदराबाद संस्थान मात्र त्याबाहेर राहिले. ज्या वाटेने काल लेकी माहेरी जात, तिच्यावर एकाएकी दोन राज्यांची सीमा उभी राहिली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे ती ओलांडून सोलापूर, बार्शी अशा ठिकाणी आश्रयास गेली. ही कथा आमच्या घरोघरी सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे.

तथापि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर दुसरा अध्याय घडला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. कारवाईत व तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली, असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. मुसलमान शेजाऱ्यांना वाचविण्यासाठी हिंदूंनी स्वतःचे प्राण वेचल्याचेही त्याच अहवालात नमूद आहे. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. पापाबरोबर हे पुण्यही झाकले गेले!

कोणी म्हणेल, आरंभ रझाकारांनी केला. खरे आहे, पण गावातल्या विणकराने किंवा त्याच्या लेकरांनी तो केला नव्हता. समिती फिरत असतानाच, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. छळ झाल्यास परदेशी आश्रय मागण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क त्याने प्रत्येकास दिला. त्या ‘प्रत्येक’ शब्दास धर्माची अट नाही.

अश्वत्थाम्याविषयी अर्धेच सत्य मोठ्याने उच्चारले, म्हणून धर्मराजाचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. अर्ध्या साक्षीचे फळ हेच.

त्या काळाचे साक्षी आज नव्वदीच्या घरात आहेत. नल्लकुंट्यातील तरुणांनी येत्या १७ सप्टेंबरपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्या आठवणी गाव व साल यांसह लिहून घ्याव्यात. ‘आपण कसे निघालो?’ हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘आपल्या शेजाऱ्याचे पुढे काय झाले?’