तळ्यापर्यंत कोण नेणार?

रविवारचे चिंतन
(योहान ५:१-९, मार्क २:१-१२)



यरुशलेममधील बेथेस्दा तळ्याची घटना आपण अनेकदा ऐकली आहे. तळ्याच्या पाच पडव्यांमध्ये आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ रुग्ण पडून असत. त्यांतला एक जण ३८ वर्षांपासून आजारी होता. तुला बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. आपल्याला वाटेल, तो चटकन ‘हो’ म्हणेल. पण त्याने आपल्या आजाराचे गाऱ्हाणे मांडलेच नाही. पाणी हालते तेव्हा मला तळ्यात उतरवायला कोणी नसते आणि मी जाईपर्यंत दुसराच पुढे उतरतो, एवढेच त्याने सांगितले.

औषध होते. ते डोळ्यांसमोर होते. नव्हता तो तिथवर नेणारा माणूस.

बंधू-भगिनींनो, हे तळे आपल्यापासून फार दूर नाही. आपल्याच वसई धर्मप्रांताच्या हद्दीत जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. तिथल्या काही पाड्यांपर्यंत पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. अडलेली बाई असो की साप चावलेला माणूस, चादरीची झोळी करून ती बांबूला बांधायची, खांद्यावर घ्यायची आणि चिखल तुडवत, ओढे ओलांडत डांबरी रस्ता गाठायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एका आईची जुळी बाळे दिवस भरण्याआधीच जन्मली आणि दगावली. त्या आईला दवाखान्यात नेण्यासाठी गावकऱ्यांना सुमारे ३ किलोमीटर डोली वाहावी लागली.

रस्ता गाठला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. तालुक्याच्या रुग्णालयातून पुष्कळदा ‘पुढे न्या’ असे सांगतात. पुढे म्हणजे नाशिक, ठाणे किंवा मुंबई. उपचार मोफत असले, तरी तिथे जाणे मोफत नसते. पहाटेची एसटी पकडायची, मग लोकलची गर्दी. रुग्णासोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. घरी लहान मुले आणि शेळ्या शेजाऱ्यांवर सोपवाव्या लागतात. एवढे करून रुग्णालयात पोहोचावे, तर केसपेपरची खिडकी बंद झालेली असते. ‘उद्या या’ हे दोन शब्द गावात राहणाऱ्याला किरकोळ वाटतात. शंभर किलोमीटरवरून आलेल्याला ते ‘आता येऊच नका’ असे ऐकू येतात. मग उपचार अर्धवट सुटतो आणि आपण सहज म्हणून जातो, ‘या लोकांना आरोग्याची काळजीच नाही!’ बेथेस्दाच्या त्या रुग्णालाही लोक असेच काही म्हणत नसतील कशावरून?

आता संत मार्कच्या शुभवर्तमानातील त्या चौघांकडे पाहू या. कफर्णहूमात त्यांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणले. दाराशी गर्दी होती. ‘उद्या येऊ’ म्हणून ते परतले नाहीत. त्यांनी छप्पर उसकटले आणि खाट येशूच्या पुढ्यात सोडली. त्या चौघांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते वैद्य नव्हते, रोग बरा करणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती होते ते खाटेचे चार कोपरे. तरीही संत मार्क सांगतो की, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. विश्वास डोळ्यांनी दिसतो तो असा, वाहून नेणाऱ्यांच्या खांद्यावर!

ख्रिस्तसभेने ही सेवा जपली आहे. लूर्द येथे १८८५ पासून स्वयंसेवकांची एक संघटना आजारी यात्रेकरूंना उतरवून घेणे, त्यांच्या खुर्च्या ढकलणे, त्यांना स्नानासाठी नेणे अशी कामे करीत आली आहे. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली लूर्दमातेचा सण, ११ फेब्रुवारी, हाच जागतिक रुग्ण दिन म्हणून ठरवला. या दिवशी आपण रुग्णांसाठी प्रार्थना करतो. पण रुग्णासाठी प्रार्थना करणे आणि रुग्णाबरोबर जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

काही जण विचारतील, ‘फादर, हे सरकारचे काम नाही का?’ होय, आहे. पाड्यापर्यंत रस्ता मागणे हा त्या लोकांचा हक्क आहे आणि त्या मागणीत आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. काही सोयी झालेल्याही आहेत. आणीबाणीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. गर्भवती आणि तान्ही बाळे यांना सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्याची मोफत सोय २०११ पासून आहे. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. मात्र त्यासाठी डॉक्टरांनी भरून दिलेला ठरावीक नमुन्याचा दाखला तिकीट खिडकीवर दाखवावा लागतो. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला हा दाखला मागायला कोण सांगणार? सोय आणि माणूस यांच्यामध्ये उरलेले अंतर शेवटी माणसालाच भरावे लागते.

म्हणून आपल्या धर्मग्रामासाठी मी एक साधी गोष्ट सुचवतो. आपल्यापैकी कितीतरी जण रोज मुंबईला जातात. निवृत्त परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले बांधव, कॉलेजातले तरुण आपल्यात आहेत. महिन्यातला एक दिवस द्या. स्टेशनवर रुग्णाला भेटा, रांगेत उभे राहा, कोणत्या इमारतीत जायचे ते दाखवा, गोळ्या केव्हा घ्यायच्या ते समजावा आणि परतीच्या गाडीत बसवून द्या. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी गाडी द्यावी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी डबा द्यावा. जाताना रुग्णाचा धर्म विचारू नका, उपदेश करू नका, फोटो काढू नका. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याच्या खर्चाची सोय केली आणि परत येण्याचा शब्द दिला. मोबदल्यात काहीच मागितले नाही.

आणि हो, दूरचा पाडा आपल्या आळीतही असू शकतो. मुले परदेशी, घरात एकटी म्हातारी, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. तिच्यासाठी रिक्षा स्टँडसुद्धा मोखाड्याइतकाच लांब असतो.

मिस्सा संपल्यावर धर्मग्राम कार्यालयात नावनोंदणीची वही ठेवलेली असेल. एका खाटेला चार माणसे लागतात. आपल्यातून चार जण जरी निघाले, तरी एक खाट उचलली जाईल.

हे प्रभू येशू, तू स्वतः त्या एकाकी रुग्णाजवळ गेलास. आमचे पाय त्याच वाटेने वळव. जे वाहून नेतात त्यांच्या खांद्यांना बळ दे आणि ज्यांना कोणी नाही, त्यांचे आम्हांला होऊ दे. आमेन.