कणकेची गोळी आणि गळ

गळाला लागलेला मासा मारून खाणे अधिक हिंसक, की मौजेसाठी धरून पुन्हा पाण्यात सोडणे अधिक हिंसक, हा प्रश्न वरवर फारच सोपा दिसतो. एक मासा मरतो, दुसरा जगतो. मग विचारायचे काय? पण भारतीय विचाराने हिंसेचे माप केवळ मरणाने घेतलेले नाही. आजच्या कायद्यांचेही याबाबतीत एकमत नाही.

इंदूरच्या राजेंद्र नगरसारख्या मराठी वस्तीत हा प्रश्न दोन वाटांनी येतो. पहिली वाट नर्मदेची. सुटीच्या दिवशी महू, मानपूर, धामणोद करत महेश्वरला निघालेल्या घरच्या पिशवीत कणकेच्या गोळ्यांचा डबा असतो. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून गोळी टाकली की पाणी ढवळून निघते; दोन-चार तोंडे वर येतात, गोळी दिसेनाशी होते आणि मुले पुढची मागतात. हे पुण्य जुने आहे. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने १८२३ साली माळव्यावर लिहिलेल्या ग्रंथात अहिल्याबाई होळकरांच्या दयेत नदीतल्या माशांचाही वाटा असल्याची नोंद केली आहे. गळ टाकणाराही हीच गोळी मळतो, फक्त तिच्या पोटात लोखंड असते.

दुसरी वाट परदेशात गेलेल्या मुलाबाळांची. अमेरिकेत ईरी सरोवरावर वॉलआय माशासाठी दिवसभराची नाव भाड्याने घेण्याची रीत आहे. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने हा मासा गढूळ पाण्यात आणि मंद उजेडात भक्ष्य शोधतो. त्याचे मांस पांढरे आणि चवीला सौम्य असते. नावेवर परवानाधारक कप्तान आणि साधारण सहा गिऱ्हाइके असतात. पहाटे धक्का सोडला की माशांचा थवा शोधते सोनार यंत्र, दोऱ्या कोणत्या खोलीवर ओढायच्या ते ठरवतो कप्तान, आमिष लावतो त्याचा मदतनीस. काठी वाकली की ज्याची पाळी असेल तो चक्री फिरवतो. मासा जाळीत घ्यायला पुन्हा मदतनीस. ओहायोत माणशी दिवसाला सहा मासे आणि किमान पंधरा इंच लांबी असा नियम आहे. संध्याकाळी धक्क्यावर कुणीतरी तिसराच मासे साफ करून पिशवीत भरून देतो. दिवसभरात गिऱ्हाइकाच्या हाताला रक्त लागलेले नसते.

मग ही हिंसा कुणाची? योगसूत्रांत याचे उत्तर जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखे मांडले आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा नुसती संमती दिलेली असते. तिच्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो. ती मृदू, मध्यम किंवा तीव्र असते. भाष्यकार व्यास हे प्रकार सत्तावीस मोजतात, आणि मृदू-मध्यम-तीव्र यांचे पुन्हा तीन-तीन पोटभेद करून ते एक्याऐंशीवर नेतात. पैसे मोजणारा ‘करविता’ म्हणून यात धरला जातोच. नावेवर कामाची वाटणी होते, कर्माची होत नाही.

याच भाष्यात मर्यादित अहिंसा समजावताना पहिला दाखला कोळ्याचाच येतो. मासे मारीन, इतर प्राणी मारणार नाही, असे व्रत घेणाऱ्याची अहिंसा जातीने मर्यादित. तीर्थात मारणार नाही म्हणणाऱ्याची देशाने, चतुर्दशीला मारणार नाही म्हणणाऱ्याची काळाने. ही अहिंसा अपुरी असली तरी भाष्य तिला ढोंग म्हणत नाही, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. समाज प्रत्यक्षात जगतो तो अशाच मर्यादांवर. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मासेमारी बंद असते. आषाढ-श्रावणात मासे टाळणाऱ्या घरांच्या नेमाशी हा काळ बराचसा जुळतो. ही काळाची मर्यादा. देशाची मर्यादा पाहायची तर महाडजवळच्या वाळणकोंडीला जावे. तिथल्या डोहातले महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत.

आता सोडून देण्याचा मुद्दा. गळाचा खेळ ही इंग्रजांनी आणलेली चैन, असा समज आहे. तो खरा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळाची दोरी असा सगळा तपशील त्यात येतो. राजाने त्याला विनोदाच्या खात्यात टाकले, दयेच्या नाही. एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. आजच्या छंदिष्टाला मात्र दयेचेही श्रेय हवे असते. उलटा काटा नसलेला गळ, माशाला लावण्याआधी ओले केलेले हात, एक छायाचित्र, मग तोंड प्रवाहाकडे करून कल्ले पुन्हा चालू होईपर्यंत पाण्यात धरून ठेवणे: हे सारे काळजीने केले जाते. तरीही त्याआधीची झुंज माशाने खेळ म्हणून खेळलेली नसते.

जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग केले आहेत: घरकामात घडणारी आरंभी, व्यवसायातली उद्योगी, स्वसंरक्षणातली विरोधी आणि जाणूनबुजून केलेली संकल्पी. पहिल्या तीन कमी कराव्यात, चौथी सोडलीच पाहिजे. मासेमारीचा धंदा जैनांना मान्य नाही, हे खरे. पण हेतूची ही कसोटी सर्वांना उपयोगी आहे. शिवाय जैन मताने जीवाचे प्राण दहा: पाच इंद्रिये, मन-वचन-काय यांची बळे, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. यातल्या कशालाही इजा म्हणजे हिंसा. सोडलेल्या माशाचे आयुष्य वाचते, पण श्वास आणि बळ मौजेसाठी खर्ची पडलेले असते.

माशाला वेदना होते का, यावर सगळे अवलंबून आहे असे काहींना वाटेल. संशोधक लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचले. त्यांचा श्वास वाढला, खाणे लांबले, काहींनी ओठ खड्यांवर घासले. विरोधकांचे म्हणणे असे की, माणसाला वेदनेची जाणीव देणारा मेंदूचा बाह्य थर माशात नाही. वाद मिटलेला नाही. पण शंका असताना तिचा फायदा कुणाला द्यायचा, हे प्रयोगशाळा ठरवत नाही.

कायदे इथे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. सोडण्याच्याच इराद्याने मासा धरायला स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून मनाई आहे. प्राण्याला त्रास द्यायचा तर वाजवी कारण हवे, असे जर्मन कायदा म्हणतो. तिकडे खाणे हे कारण ठरते, छंद ठरत नाही. भारतात महाशीरच्या गळाचा संकेत नेमका उलटा: धरला की सोडायचाच. मात्र आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शिकारीच्या व्याख्येत नुसते पकडणे आणि पकडण्याचा प्रयत्नही येतो, म्हणून अभयारण्यात ‘सोडणारच होतो’ ही सबब पुरत नाही.

निसर्गालाही आपल्या दयेचे सोयरसुतक नसते. वॉलआयच्या पोटातली हवेची पिशवी गळ्याशी जोडलेली नसते. खोल पाण्यातून भरभर वर ओढला की ती फुगते, आणि नियमाप्रमाणे सोडलेला आखूड मासाही कधी खाली जाऊ शकत नाही. पृष्ठभागावर आडवा तरंगत राहतो. महाशीरच्या कुळात ती पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असल्याने हवा बाहेर पडते. एकाच दयेने एक मासा वाचतो आणि दुसरा मरतो.

सोडणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. छंदिष्टांना महाशीर हवा असतो म्हणून त्याच्या रक्षणासाठी पैसा आणि माणसे उभी राहिली. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपेक्षा ते नदीचे कितीतरी चांगले शेजारी. पण परिणाम चांगला निघाला म्हणून हेतू बदलत नाही. व्यासांनी मोहाची व्याख्या केली ती अशी: यातून मला धर्म लाभेल, ही समजूत. छायाचित्र काढून मासा सोडणाऱ्याला हा शब्द लागू पडतो, आणि गोळी टाकून पुण्य मोजणाऱ्यालाही थोडासा.

तेव्हा निवाडा असा. मर्यादेत धरून खाल्लेल्या माशाची हिंसा उघड आहे, पण तिला भुकेचे कारण आहे. मौजेसाठी धरून सोडलेल्या माशाची हिंसा सौम्य असली तरी संकल्पी आहे. चुकून गळाला लागलेला महाशीर सोडावा, यात वाद नाही. मुद्दाम सोडण्यासाठी धरू नये. महाशीर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे आणि नर्मदेच्या धरणांमुळे तो आधीच आक्रसला आहे. त्याला गोळी द्यायची तर ती निव्वळ कणकेची द्यावी.