विवेक

विवेक हा शब्द आपण फार उंचावर ठेवला आहे. परंतु त्याच्या मुळाशी उतरून पाहिले तर ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे एवढाच साधा धातू हाती लागतो, आणि एकमेकांना बिलगलेल्या दोन गोष्टी दोन आहेत हे कळणे, हाच विवेक ठरतो. वेल्ह्याकडे जाताना राजगड-तोरण्याचे कडे पाहावेत: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाचे थर तिथे पायऱ्यांसारखे उघडे आहेत, आणि दोन काळ्या थरांमध्ये कोठे तांबड्या मातीची पातळ रेघही दिसते. तेच थर भोरच्या भातखाचरांखाली शिरले की डोळे थांबतात आणि विवेक कानांवर सोपवावा लागतो.

हे कान म्हणजे जिओफोन. जमिनीवर आघात करावा, लहरी खाली जाव्यात आणि थराथराच्या सीमेवरून परतलेला प्रतिध्वनी टिपावा, अशी ही साधना. पण सगळेच नाद सारखा विवेक देत नाहीत. देवळातली घंटा लागोपाठ दोनदा वाजवली तर दोन्ही टोल एकमेकांत मिसळतात. चिपळ्या दोनदा वाजल्या तर दोन आघात दोनच ऐकू येतात. घंटेत मोजकेच स्वर दीर्घकाळ घुमतात, तर चिपळ्यांच्या क्षणिक नादात मंद्रापासून तारापर्यंत स्वरांचा रुंद पट्टा सामावलेला असतो. म्हणून पट्टा रुंद, तर नाद आखूड. आणि नाद आखूड, तर विवेक सूक्ष्म.

सह्याद्रीचा पाषाण मात्र हा पट्टा कापत जातो. कठीण आणि सच्छिद्र थरांच्या उतरंडीत वरचे स्वर विखुरतात, शोषले जातात, आणि मंद्र स्वरच खोल उतरतात. घन बसाल्टात लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १०० मीटर होते आणि विवेकाची मर्यादा साधारण तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे २५ मीटर. कड्यावर दिसलेल्या त्या तांबड्या रेघेची वरची कड आणि खालची कड या कानाला एकच भासते.

मग विवेक वाढावा कसा? नॉर्बर्ट वीनर यांच्या गणिताचा आधार घेत एंडर्स रॉबिन्सन यांनी १९५४ साली एमआयटीतील प्रबंधात जो मार्ग मांडला, तो डीकन्व्होल्यूशन नावाने रूढ झाला. परतलेल्या प्रत्येक प्रतिध्वनीत भूमीचे उत्तर असते, तशी आपल्याच हाकेची लांबण मिसळलेली असते. त्या हाकेचे रूप ओळखून गणिताने ती आखूड करावी, मंदावलेले स्वर पुन्हा उंचवावेत, आणि मग एकच वाटणारी सीमा दोन होऊन उभी राहते. म्हणजे येथे विवेकाचे पहिले पाऊल भूमीकडे नसून स्वतःकडे आहे: ऐकलेल्यातले माझे किती आणि तिचे किती.

आणि विवेकाचा शेवटचा पदर संयमाचा. क्षीण झालेला स्वर उंचवताना त्याच्याबरोबर गोंगाटही उंचावतो. जो स्वर गोंगाटाखाली पुरता बुडाला, त्याला कितीही वाढवले तरी केवळ गोंगाटच वाढतो, आणि नसलेला थर चित्रात उमटतो. म्हणून जाणता अभ्यासक जेथवर स्वर खरा आहे तेथवरच हात चालवतो. आपल्या डोंगरी मुलखात पाणी बरेचसे खडकाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत साठते, तेव्हा नसलेला सांधा दाखवणे म्हणजे तहानेला कोरडी विहीर देणे. दोन गोष्टी वेगळ्या करणे हा विवेक खराच. पण कोठे वेगळे करता येत नाही हे ओळखून तेथे थांबणे, हेही त्याच शब्दाच्या पोटात आहे.