न दिसणारें पांगळेपण

जें दुखणें डोळ्यांस दिसत नाहीं तें मानावें कीं नाहीं? वर्गांत एखादें मूल पेंगूं लागलें, काल पाठ केलेलें आज विसरलें, म्हणजे आपण त्यास आळशी म्हणून मोकळे होतों. आम्हींही असें केलें आहे, हें येथें कबूल करणें बरें.

मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या रोगांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच मेंदूवर व पृष्ठरज्जूवर उलटते, आणि तेथील तंतूंवरचें मायलिन नांवाचें वेष्टन ठिकठिकाणीं नष्ट करिते. त्या जागीं चट्टे राहतात. पॅरिस येथें शार्को नामक वैद्यानें १८६८ सालीं ह्या रोगाचें वर्णन केलें. तेव्हां चट्टे पाहावयाचे तर रोगी मरावा लागे. आज एमआरआय यंत्र जिवंत मेंदूचें चित्र काढून ते दाखवितें. रोग बहुधा तरुण वयांत जडतो. थोड्यांस मात्र १८ वर्षांच्या आंतच गांठतो.

अशा मुलांच्या मेंदूंत चट्टे पुष्कळ असतात, तरी मूल अंगणांत धांवत असतें! झटका येतो, एक डोळा अंधारतो किंवा पाय लुळा पडतो, आणि कांहीं आठवड्यांनीं बहुतेक सर्व पूर्ववत् होतें. घरचीं माणसें म्हणतात, बरें झालें. वैद्यांचें मापही त्यांच्याच बाजूचें. कुर्ट्झके ह्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेली ० पासून १० पर्यंतची श्रेणी ४ च्या पुढें मुख्यतः चालणेंच मोजते. परंतु अशा मुलांपैकीं सुमारें एकतृतीयांशांची स्मृति, अवधान किंवा विचाराची गति मंदावलेली आढळते. थकवा तर अनेकांस असतो. ह्याची नोंद पाय कोठून देणार? आणि नुसते चट्टे मोजूनही मुलाची अवस्था नेमकी कळत नाहीं.

मग साक्ष कोणाची घ्यावी? आमच्या मतें, प्रथम मुलाची. मुलें कधीं ढोंग करितात, हें आम्ही जाणतों. पण येथें अविश्वासाची किंमत फार मोठी आहे. फ्रान्स व बेल्जम येथील रोग्यांवरून २००७ सालीं असें दिसून आलें कीं, बालपणीं रोग जडलेल्यांस कायमचें अपंगत्व यावयास मोठ्यांपेक्षां सुमारें १० वर्षें अधिक लागतात; तरी तें येतें तेव्हां त्यांचें वय मोठेपणीं रोग जडलेल्यांहून सुमारें १० वर्षांनीं कमीच असतें. झटके कमी करणारीं औषधें आतां आहेत. त्यांतील फिंगोलिमॉड अमेरिकेंत २०१८ सालीं १० वर्षांवरील मुलांसाठीं मान्य झालें. ‘बरें झालें’ म्हणून गमावलेलीं वर्षें औषध परत देत नाहीं.

भारतांत २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें ह्या रोगास नांवानिशीं यादींत घेतलें. कायद्यास पटलेलें शेजाऱ्यास पटावयास वेळ लागतो, हें निराळें.

आमच्या शिक्षक बंधूंस एक गोष्ट सांगणें आहे. ह्या रोगांत अंग तापलें कीं जुनीं लक्षणें तात्पुरतीं उफाळतात. चैत्राच्या उन्हांत कवाईत करतांना असें मूल म्हणालें, “गुरुजी, मला धुरकट दिसतें,” तर त्यास रांगेंतून काढून सावलींत बसवावें, गार पाणी द्यावें. अंग निवलें म्हणजे दृष्टि बहुधा निवळते. न निवळली, तर त्याच दिवशीं त्याच्या घरीं जाऊन सांगावें.