बदलीचे गाव आणि तेथील ऊन

उष्णतेची लाट कशाला म्हणावे, याचा जो निकष भारतीय हवामानशास्त्र विभागाने ठरविला आहे, तो सर्व ठिकाणी सारखा नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस असावे आणि शिवाय ते त्या ठिकाणच्या, त्या दिवसांच्या सरासरीहून साडेचार अंशांनी तरी अधिक असावे, तेव्हा ती लाट. किनाऱ्यावर ३७ अंश पुरेत, डोंगराळ मुलुखात ३० सुद्धा. आणि पारा ४५ला पोहोचला तर मग सरासरीचा हिशेब न करताच लाट जाहीर करावी, असा हा दंडक आहे. म्हणजे मे महिन्यातला ४२ अंशांचा दिवस पुण्यात उगवला तर ती लाट ठरते, आणि तोच नागपुरात उगवला तर त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नसते, कारण नागपूरची मे महिन्याची सरासरीच मुळी त्याच्या आसपास आहे. प्रत्येक गावाचे ऊन त्या गावाच्या मापाने मोजावे, हे तत्त्व सरकारी खात्याने मान्य केले आहे. परंतु एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलविणाऱ्या माणसाच्या अंगी ते बाणण्यास बरेच दिवस लागतात. त्याचे सामानसुमान मालमोटारीतून उतरते, त्याचा शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलतो, तो नव्या कचेरीत रुजू होतो. मनातली सरासरी मात्र जुन्या गावाचीच राहते.

पुण्याहून बदली होऊन मी नागपुरास आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि या अवधीत पुण्या-मुंबईहून आलेली कितीतरी कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत. आपल्या हवेविषयीचा पुणेकराचा अभिमान निराधार नाही. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला जात असे. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे जे निवासस्थान पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाले, ते त्या पावसाळी मुक्कामाचेच स्मारक आहे. राज्यकर्त्यांनी ज्या हवेवर असे शिक्कामोर्तब केले, ती हवा हीच मनुष्याची नैसर्गिक हवा होय आणि तिच्याहून वेगळी ती सदोष होय, असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजत गेला तर त्यात नवल नाही. तो समज घेऊन माणूस नागपुरात उतरतो आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याची सगळी तक्रार दुपारविषयी असते. वस्तुतः दुपार ही दोन्हीकडे टाळण्याचीच वेळ आहे; पुण्यातही एप्रिलमधल्या दोन वाजता कोणी हौसेने रस्त्यावर येत नाही. जे खरोखर हरपलेले असते ते निराळेच असते, आणि ते काय हे कळावयास नवागताला पहिला उन्हाळा सबंध काढावा लागतो.

हरपलेली असते ती संध्याकाळ. पुण्याच्या उन्हाळ्याची सारी भिस्त संध्याकाळवर असते. समुद्रावरून निघालेला पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून दिवस कलताना शहरात शिरतो, सुमारे ५६० मीटर उंचीवरचे ते पठार रात्रीपर्यंत निवते, आणि दिवसभर कोंडलेली माणसे टेकडीवर, बागेत, कट्ट्यावर जमतात. भेटीगाठी, खरेदी, व्याख्यानमाला, नाटके, आजाऱ्याची विचारपूस हे सगळे त्या घटकेवर सोपवून ठेवलेले असते. नागपूर दोन्ही समुद्रांपासून शेकडो मैल आत आहे, उंची जेमतेम ३१० मीटर आहे, आणि मे महिन्यात तेथील किमान तापमानाचीच सरासरी २८ अंशांच्या घरात असते. सूर्य मावळतो, परंतु दिवसभर तापलेला रस्ता, कुंपणाची भिंत आणि डोक्यावरचा सिमेंटचा स्लॅब आपापला साठा आता परत करू लागतात. रात्री नऊ वाजता भिंतीला हात लावला तर ती ज्वर आलेल्या कपाळासारखी लागते, आणि गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी झोपायच्या वेळीही कढत असते. संध्याकाळी सहाला बाहेर पडून मोकळे वाटेल, ही अपेक्षा येथे रोज भंगते, आणि रोज भंगणाऱ्या एखाद्या लहानशा अपेक्षेने माणूस जितका खचतो, तितका तो एकदाच कोसळलेल्या मोठ्या संकटानेही खचत नाही, असे मला निरीक्षणाने वाटू लागले आहे. थकवा उन्हाचा म्हणून सांगितला जातो. त्यातला मोठा हिस्सा या रोजच्या अपेक्षाभंगाचा असतो.

आणि तरीही ज्या शहरात लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्याने या हरपलेल्या वेळेच्या बदली काही योजलेच नसेल, असे कसे होईल? नागपूरने आपला दिवस पहाटेकडे सरकविलेला आहे. मे महिन्यात साडेपाचला उजाडते, आणि त्या वेळी अंबाझरीच्या बांधावर व फुटाळ्याच्या काठावर जी गर्दी असते ती पुण्याच्या सायंकाळच्या गर्दीहून कमी नसते. भाजी घेणे, बांधकामावर देखरेख, वृद्धांच्या गप्पा, लग्नाची बोलणीसुद्धा तेव्हा उरकतात. नळ उघडला तर पाणी त्याच वेळी गार मिळते, म्हणून स्नानही तेव्हाच. अकरा वाजता गल्ली निर्मनुष्य होते. एका गवंड्याला मी दुपारी तीनची वेळ सुचविली तेव्हा तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, “सकाळी या ना जी, दुपारचं कायले निघता उन्हात?” पहाटेचा हा व्यवहार ज्याने स्वीकारला त्याला दोन-तीन उन्हाळ्यांत येथे सुखाने राहता येते, ज्याने संध्याकाळचा हट्ट धरला तो दहा वर्षांनीही परकाच राहतो. अशी दोन्ही तऱ्हांची माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यात प्रकृतीचा फरक मला दिसलेला नाही, फरक दिसला तो दिनक्रमाचा.

येथे कूलरविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण विदर्भातील घराचा उन्हाळ्यापुरता तो कर्ता पुरुष असतो. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो. कारागीर येतो, मागल्या वर्षीच्या पाण्यातील क्षारांनी पांढऱ्या पडून दगडासारख्या झालेल्या ताट्या उपसून काढतो, नवा वाळा किंवा लाकडी कात्रणांचे पॅड सारखे पसरून जाळीने दाबून बसवितो, पंपाची सोंड बादलीत बुडवून धार पाहतो, मोटारीला तेल देतो आणि जाताना समोरची खिडकी उघडावयास सांगतो. मुंबईहून आलेल्या माणसाला यंत्र चालू असता खिडकी उघडी ठेवणे हा अव्यवहार वाटतो. तो ती लावून घेतो आणि तासाभरात खोली ओलसर होऊन गुदमरू लागते. “हवा जाईन कुठं? जायले जागा पाहिजे ना,” या कारागिराच्या प्रश्नात सारे शास्त्र आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते आणि ती आत येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. मे महिन्यात दुपारी येथील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असल्यामुळे पाणी झपाट्याने उडते व आत येणारा वारा बारा-पंधरा अंशांनी उतरतो. परंतु तीच दमट झालेली हवा बाहेर काढली नाही तर पुढचे पाणी उडणार कसे? म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत निरुपयोगी ठरलेले हे यंत्र येथे अल्प विजेत राजासारखे काम करते, आणि म्हणूनच मृगाच्या सरी आल्या की त्याची मातब्बरी एका रात्रीत संपते. जे उपाय एका हवेत निष्फळ ठरले ते दुसरीतही निष्फळच असतील, हा ग्रह नवागताने जितक्या लवकर टाकावा तितके त्याच्या हिताचे.

हे ऊन म्हणजे केवळ सोसावयाची वस्तू नव्हे, हेही येथील बागाईतदाराकडून शिकण्यासारखे आहे. संत्र्याचा मृगबहार धरावयाचा तर झाडाला उन्हाळ्यात मुद्दाम पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पाने मलूल होतात, झाड विश्रांतीत जाते, आणि पावसाळ्याच्या आरंभी पाणी मिळताच ते फुलते. ऊन कमी पडले, मधेच अवकाळी पाऊस झाला, तर ताण तुटतो आणि बहार बिघडतो. घरोघरच्या कुरडया, सांडगे, वर्षभराचे तिखट, हळद ही सगळी त्याच महिन्याची कमाई. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हाच्या नवतप्याचे नऊ दिवस नीट तापले तर पाऊस चांगला होतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. शास्त्राच्या कसोटीवर ती उतरो वा न उतरो, जे टळत नाही त्याला वर्षाच्या क्रमात मानाची जागा देण्याची ही रीत मला विवेकाची वाटते.

एवढे सारे लिहिल्यावर मला एका गोष्टीची भीती वाटते, आणि ती म्हणजे या विवेचनाचा अर्थ “सोसा, सवय होईल” असा केला जाईल. सवय होते, हे खरे आहे. उष्ण हवेत रोज थोडा वेळ वावरणाऱ्या निरोगी माणसाचे शरीर एक ते दोन आठवड्यांत पुष्कळसे बदलते. घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून जाणारे क्षार कमी होतात, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदयाची धडधड आटोक्यात राहते. परंतु ही सवय सशक्तांची आहे. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती, हृदयरोगी यांना ती पुरेशी साधतेच असे नाही, आणि अगदी धडधाकट मजुराच्याही शरीराला मर्यादा आहेत. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत जी लाट आली, तिच्या काळात नेहमीपेक्षा १,३००हून अधिक माणसे दगावली, असे नंतरच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. अहमदाबाद हे उन्हाची सवय नसलेले शहर आहे, असे कोण म्हणेल? त्या अनुभवातून २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा अमलात आणला, आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो कित्ता गिरविला. पूर्वसूचना, पाणपोया, दवाखान्यांची सिद्धता, भर दुपारी बागा उघड्या ठेवणे अशा साध्या तजविजी त्यांत आहेत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांपैकी एकही तजवीज हवेकडून काही मागत नाही. जे मागावयाचे ते माणसांच्या व्यवस्थेकडून मागितलेले आहे.

माझे म्हणणे याच दिशेचे आहे. उष्ण शहरी राहावयास गेलेल्या माणसाने हवेकडून असलेल्या अपेक्षा खुशाल कमी कराव्यात, पण व्यवस्थेकडून असलेल्या अपेक्षा त्याच प्रमाणात वाढवाव्यात. आपण नेमके उलट करतो. हवेवर रोज रागावतो आणि पश्चिमेला सबंध काचेची भिंत असलेली सदनिका निमूटपणे विकत घेतो. महाल भागातील जुन्या वाड्यांच्या मातीच्या जाड भिंती, कवेलूंची छपरे, मधला चौक हा इमला दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत आत पोहोचू देत नसे. आजची नागपूरची नवी वस्ती पुण्या-मुंबईच्या नकाशांवरून उठविलेली दिसते. कचेरीचे तास तसेच. शाळांच्या बाबतीत तेवढा शासनाने भेद मानला आहे: विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. बाकी सर्वत्र एकच घड्याळ.

याचे मूळ थोडे जुने आहे असे मला वाटते. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला, साडेतीन हजार फुटांवर, जात असे. वऱ्हाडच्या अंमलदारांना चिखलदरा होते. ज्यांनी नियम केले त्यांनी नागपूरचा मे महिना क्वचितच पुरता पाहिला. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली, दप्तरे आणि कर्मचारी मुंबईस हलले, आणि १९५३च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे जे अधिवेशन येथे भरू लागले ते बहुधा हिवाळ्यात भरते. डिसेंबरचे नागपूर फार सुंदर असते. हुरडा, संत्री, धुके, कोवळे ऊन. ज्यांना शहर त्या रूपातच भेटते त्यांच्या निर्णयात उन्हाळ्याचा विचार गौण राहिला, तर त्यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. परंतु परिणाम व्हावयाचा तो होतोच.

आता बदलीचाच प्रश्न घ्या. राज्याच्या २००५च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकरांच्या बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यात व्हावयाच्या असतात. मुलांची शाळा बुडू नये हा त्यातील हेतू समंजस आहे आणि तो बाजूस सारावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा, की कोकणातून किंवा घाटावरून विदर्भात येणारा शिपाई, कारकून, परिचारिका, पोलीस हे सारे वर्षातील अत्यंत कठोर पंधरवड्यात येऊन दाखल होतात, दाखल होताच घर शोधीत भर दुपारी हिंडतात, आणि ज्या दोन आठवड्यांत शरीराने सावकाश जुळवून घ्यावयाचे त्याच दोन आठवड्यांत त्यांच्यावर दुप्पट ताण पडतो. मे महिन्यात विदर्भात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिले दोन आठवडे फक्त सकाळचे काम असावे, मैदानी काम अकराच्या आत संपावे, आणि येण्यापूर्वी कूलरसह एक बिऱ्हाड पाहून ठेवण्याची जबाबदारी नव्या कचेरीने घ्यावी, एवढी तरतूद एका परिपत्रकाने होण्याजोगी आहे. खाजगी कारखानदारांनी व बांधकामाच्या कंत्राटदारांनी तर ती आपण होऊन करावी, कारण त्यांच्याकडे बाहेरगावाहून येणारा मजूर घर शोधावयास नव्हे, त्याच दिवशी उन्हात उभे राहावयास येतो, आणि त्याला आपली कैफियत कोठे मांडावी हेही ठाऊक नसते.