काठ नसलेलं पाणी

महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर. तिथेच उगम पावणारी सावित्री कडा उतरून बाणकोटला समुद्र गाठतेही. तिथूनच निघणारी कृष्णा मात्र त्या समुद्राकडे पाठ करते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करत सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे सातारा-सांगलीच्या माणसाला पाणी म्हणजे नदी. सर्फिंग त्यानं पाहिलं असेल ते मोबाइलवर.

पण वाहत्या पाण्याशी खेळण्याची विद्या इथं नाही, असं कुणी समजू नये. सांगलीत कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी चढू लागलं की १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून सूर मारणारे दिसतातच. ते जिवावर बेतू शकतं, पोलीस हुसकतात आणि बरोबर करतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पुराचा खेळ होत नाही हे सगळ्यांना कळलं. तरी पोहणाऱ्यांची रीत पाहण्यासारखी असते. पट्टीचा पोहणारा धारेशी भांडत नाही. बाहेर कुठं पडायचं ते तो उडीआधी ठरवतो, पुलाच्या खांबामागचा भोवरा टाळतो, धार तिरपी तोडत खाली कुठंतरी काठाला लागतो. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणाऱ्यांचं डोकंही असंच चालतं. पुरात गुऱ्हाळाची काहील नावेसारखी चालवणाऱ्यालाही पाण्याची ही समज लागते. काठावर वाढलेल्याला ती न शिकवता येते.

हवाई बेटांवरचं सर्फिंग याहून फार वेगळं नव्हतं. कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगनं १७७९ साली फळीवर लाट घेणाऱ्या तिथल्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलं. फळीसाठी झाड तोडण्याआधी बुंध्याशी मासा अर्पण करण्याची तिथली चाल होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या कोळ्याला ती अजिबात परकी वाटणार नाही. खडक कुठं आहे, कोणत्या भरतीला लाट कुठं फुटते, हे ठाऊक असेल तरच फळीचा उपयोग. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारा ड्यूक कहानामोकू हवाईतल्याच वायकिकीच्या लाटांवर वाढला होता.

मात्र दोन्ही पाण्यांचे स्वभाव उलटे आहेत. समुद्रात लाट पुढं जाते, पाणी बरंचसं जागच्या जागी वरखाली होतं. नदीत पाणी पुढं जातं आणि दगडावरची लाट जागच्या जागी उभी राहते. म्युनिकच्या आइसबाख या प्रवाहावर अशाच उभ्या लाटेवर लोक कित्येक वर्षं सर्फिंग करत आले. शिवाय समुद्राची लाट इथल्या वाऱ्यानंच उठते असंही नाही. दक्षिणेकडच्या दूरच्या वादळानं उठवलेली लाट शांत हवेत केरळच्या किनाऱ्यावर चढते. मच्छीमार तिला कल्लक्कडल, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात.

आणि इथंच नदीवरची विद्या फसते. पोहणारा धारेशी भांडत नाही, कारण दोन्ही बाजूंना काठ आहे हा त्याचा भरवसा असतो. समुद्रात किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या खळग्यातून जोरात माघारी जातं, ते माणसाला काठापासून दूर नेतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो शांत दिसतो. घाटावरून आलेला, बायकामुलांना घेऊन उतरणारा पाहुणा नेमकी तीच जागा निवडतो. नदीत पोहणं येतं हा त्याचा आत्मविश्वास तिथं कमी पडतो. उलट तोच त्याला खोल नेतो.

‘पोहण्यास मनाई’ अशी पाटी लावून हे कुणाला कळणार नाही. आपल्या शाळांनी धबधब्याच्या सहली काढण्याऐवजी पाण्याची ओढ कशी ओळखायची एवढं शिकवलं तरी पुष्कळ. तोवर गुहागर-गणपतीपुळ्याला जाल तेव्हा पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एखाद्या मच्छीमाराला विचारा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं झेपावू नका. ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहा, मग लाटांबरोबर आत या.